पायपेटीची जुनी झडप

रविवार, दिनांक ११ जानेवारी २०२६. सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटे. रायपूरच्या आमच्या चर्चमध्ये मराठी गायनमंडळाचे नऊ जण उभे होते आणि एकच गीत सुरू करण्याचा त्यांचा चौथा प्रयत्न नुकताच फसला होता.

मित्रांनो, हे सारे मी कोपऱ्यातून ऐकले. मी एक जुनी पायपेटी आहे. एका हाताने भाता मारतात ती पेटी वेगळी. माझ्यासमोर बसून पायाने दोन फळ्या दाबाव्या लागतात. त्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात सुरांसाठी मोकळे राहतात. त्या दिवशी मात्र माझ्यावर जुनी चादर होती आणि चादरीवर प्लास्टिकच्या खुर्च्या रचलेल्या होत्या. शहरातील पंडरी बाजारातल्या एका कापड दुकानदाराने साड्या मांडून ठेवण्यासाठी मला मागितले होते. महिनाअखेरीस मी तेथे जाणार, असे ठरल्यासारखे होते.

माझा जन्म नागपूरचा. यशवंतराव नावाच्या कारागिराने मला सागवानात घडवले. भाता भरताना हवा जिथून आत शिरते, त्या तोंडावर त्यांनी जाड चामड्याची एक झडप बसवली. फळी वर आली की ती उघडे, थरथरे आणि ‘हुस्स’ असा आवाज करी. पेटी म्हणजे काही मुकी तिजोरी नव्हे, तिचा श्वास ऐकू आलाच पाहिजे, असे ते म्हणत. पुढे विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेल्या कुटुंबांनी मला मालगाडीने रायपूरला आणले.

माझी उमेदीची वर्षे पद्मिनीताईंच्या हाताखाली गेली. त्या शाळेत गणित शिकवत आणि रविवारी मला वाजवत. माझ्या डाव्या अंगाला कमलाबाई उभ्या राहत. दोघी बालमैत्रिणी. कमलाबाईंचा आवाज मोठा नव्हता, पण इतरांना धरून ठेवणारा होता. लग्ने, बाप्तिस्मे, अंत्यविधी, सर्व ठिकाणी आम्ही तिघींनी मिळून सूर धरला. लोक माझे कौतुक करीत. नवी नवरी फोटोसाठी माझ्या झाकणावर हात ठेवून उभी राही.

सहा वर्षांपूर्वी पद्मिनीताई कॅनडाला मुलीकडे गेल्या. माझ्यासमोर रीना बसू लागली. ती समता कॉलोनीतील एका दवाखान्यात परिचारिका आहे. मराठी तिला सगळे कळते, पण उत्तर हिंदीत देते. तिचे बोट स्वच्छ पडते. आमचे चांगले जमले होते.

मग एका नाताळात बाहेरगावचे एक पाहुणे हसत म्हणाले, “तुमची पेटी घोरते.” ते वाक्य भास्कररावांना लागले. भास्करराव म्हणजे आमच्या गायनमंडळातील जाड आवाजाचे गृहस्थ. पॉलिटेक्निकमध्ये शिकून त्यांनी रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी केली. कोणत्याही यंत्राचा आवाज हा त्यांच्या लेखी दोषच. त्यांनी मला उघडले, जुनी झडप काढली, लोकरीच्या मऊ नमद्याचे अस्तर असलेली नवी झडप बसवली. काम इतके नेटके झाले, की भाता भरला तरी मला स्वतःलाही कळेनासे झाले. सर्वांनी त्यांची पाठ थोपटली.

त्यानंतरच्या रविवारपासून गीताची सुरुवात बिघडू लागली. कोणी आधी, कोणी नंतर. पेटी म्हातारी झाली, असे ठरले आणि कीबोर्ड आला. तरी सुरुवात बिघडतच राहिली. मग पेटी नव्हे, गाणारेच म्हातारे झाले, असे ठरले. ते सर्वांत जास्त मनाला लावून घेतले कमलाबाईंनी. आपणच उशिरा उचलतो आणि इतरांचा खोळंबा करतो, असे त्यांच्या मनाने घेतले. एके रविवारी त्या आल्या नाहीत. पुढे आल्याच नाहीत.

म्हणून ११ जानेवारीला पद्मिनीताई पाहुण्यासारख्या बाकावर बसल्या होत्या, तेव्हा त्यांची नजर कमलाबाईंच्या रिकाम्या जागेवरच होती. कॅनडाहून त्या थोड्याच दिवसांसाठी आल्या होत्या. वयोमानाने ही बहुधा शेवटची खेप होती. जुन्या मैत्रिणीला पुन्हा गाताना ऐकायचे, एवढी एकच इच्छा त्यांनी बरोबर आणली होती.

दुसऱ्या दिवशी त्या शहरातल्याच गुढियारीला कमलाबाईंच्या घरी गेल्या. तिथे काय झाले, ते त्यांनी गुरुवारच्या सरावाच्या वेळी सांगितले. चहा झाला, शेंगदाण्याची चटणी बांधून मिळाली, पण गाण्याचा विषय निघताच कमलाबाई म्हणाल्या होत्या, “पद्मा, तू मले भेटायले आली, लय बरं वाटलं. पण गायले नको बलावू. माह्यामुळं सारे अडखळतात.”

“खरंच तिच्यामुळं अडखळता तुम्ही?” पद्मिनीताईंनी विचारले.

रीनाने मान खाली घातली. “आंटी, मैं तो टाइम पे ही बजाती हूँ. फिर भी सब अलग-अलग घुसते हैं.”

 माझा निरोप घ्यावा म्हणून पद्मिनीताई माझ्याकडे आल्या. खुर्च्या उतरल्या, चादर निघाली. त्यांनी फळ्या दाबल्या आणि नेहमीचे गीत धरले. सूर उमटला, पण त्यांचा आवाज मागाहून आला. त्या थांबल्या. पुन्हा फळ्या दाबल्या. पुन्हा तेच. मग दोन्ही हात माझ्या पट्ट्यांवरून उचलून त्या कितीतरी वेळ नुसताच भाता मारत राहिल्या, कान खाली लावून.

“भास्करभाऊ,” त्या म्हणाल्या, “हिचा श्वास कुठं गेला?”

“म्या बंद केला ना,” भास्करराव अभिमानाने म्हणाले. “घोरत होती.”

“आम्ही सगळे त्या आवाजावरच श्वास घेत होतो. ती भरायची, तेव्हाच आम्हीही भरायचो. मला तरी कुठं ठाऊक होतं? आता मलाच उशीर झाला, तेव्हा कळलं.”

 दुरुस्ती निर्दोष होती आणि तरीही चूक होती, हे मान्य करणे भास्कररावांना सोपे गेले नाही. पण काढलेला भाग फेकायचा नाही, ही शिस्तही त्यांचीच. “जुनी झडप घरी बिस्किटाच्या डब्यात हाय,” ते म्हणाले. “चामडं जरा आकसलं असन. तेल पाजतो.” प्रफुल्ल नावाच्या गायकाने विचारले, की हे सांगायला सहा वर्षांनी कॅनडाहून माणसाला यावे लागले काय. भास्करराव म्हणाले, “तू रोज माह्या बाजूले उभा राहतो, तुले काहून नाही समजलं?” त्यावर सगळेच हसले.

२५ जानेवारीच्या रविवारी पद्मिनीताईंनी कमलाबाईंना हाताला धरून आणले. गायचे नाही, नुसते ऐकायचे, या बोलीवर त्या आल्या होत्या. पद्मिनीताई मला वाजवायला बसल्या नाहीत. त्यांनी रीनाला बसवले. रीनाने फळी दाबून सोडली. माझी जुनी झडप थरथरली. हुस्स.

दाराजवळ उभ्या असलेल्या कमलाबाईंची छाती आपोआप श्वासाने भरली. काय झाले हे त्यांना कळण्याआधीच त्या गात होत्या, आणि त्यांच्या आवाजामागे कोणी नव्हते, पुढे कोणी नव्हते. सारे बरोबर होते. गीत संपल्यावर त्या डोळे पुसत एवढेच म्हणाल्या, “म्हणजे माह्यामुळं नव्हतं.”

“हव,” पद्मिनीताई म्हणाल्या. “तुझ्यामुळं नव्हतं.”

तीन दिवसांनी त्या विमानाने गेल्या. दुकानदाराला पास्टरसाहेबांनी नम्रपणे नकार कळवला. तरी माझी एक काळजी उरली होती: हे सारे पद्मिनीताई समोर होत्या म्हणून तर जमले नसेल ना?

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, तेल द्या, धूळ पुसा. पण त्यांचा एखादा आवाज बंद करण्यापूर्वी, त्या आवाजावर कोण विसंबून आहे, ते आधी पाहा. आणि एखादे माणूस चुकते आहे असे वाटले, तर त्यालाही आपली जागा सोडू देऊ नका.

रविवार, दिनांक १ फेब्रुवारी २०२६. सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटे. गायनमंडळात उपस्थित: दहा. गीत सुरू करण्यासाठी लागलेले प्रयत्न: एक.