ब्रेकवर आलेला आळ

मी हिरामणशेठची फियाट बोलतेय. पण आधी खरं सांगा, तुम्ही गिऱ्हाईक तर नाही ना? बॉनेटवरून हात फिरवत ‘काय गाडी आहे हो!’ म्हणणाऱ्या माणसावर मी मुळीच विश्वास ठेवत नाही. दर गुरुवारी भंगारवाल्याचा टेम्पो भोंगा वाजवत दारावरून जातो, तेव्हा माझ्या काचा आपोआप थरथरतात.

माझा जन्म बहात्तर सालचा. पहिली सोळा वर्षं अलिबागच्या एका डॉक्टरांकडे काढली, मग पेणजवळच्या या खाडीकाठच्या गावात आले. हिरामणशेठचं इथे मिठागर होतं, पुढे दोन ट्रक झाले. ट्रक आले आणि विकलेही गेले. मी अंगणातल्या शेडखाली राहिले. इथल्या बोलीत मी ‘गारी’.

रविवार आमचा. सकाळी शेठ चोक ओढत आणि मी खाकरून जागी होई. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा ते दोन बोटांनी पाडत. काशीदच्या अलीकडे सुरूची झाडं लागली की दारातली तिकोनी काच उघडायची, म्हणजे खारा वारा थेट गळ्यापाशी येतो. काटा पन्नासच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. घाईची माणसं मागून हॉर्न मारत निघून जात आणि शेठ गालात हसत. याहून मोठं सुख मला ठाऊक नाही.

शेजारी त्यांची बायको, कमळबाई. त्यांच्या तोंडाला मात्र गेली दोन वर्षं खळ नव्हता. “म्होरं म्हस हाय. डाव्या अंगाला घ्या. आता गतिरोधक हाय.” मी मनात चरफडायची. उभा जन्म चाकावर काढलेल्या माणसाला ही बाई शिकवते!

शेठही बदलले होते. निघताना माझी पुढची काच पुसायची, पुन्हा पुसायची, तरी कुरकुर चालूच. “काचच धुरकट झाली.” काच लख्ख होती हो! नवे वायपर आणले, तरी तेच. मला संशय आला. माणूस दोष शोधायला लागला, म्हणजे काढून टाकायला निमित्त शोधतोय.

मग एका रविवारी रेवदंड्याच्या पुढे कमळबाईंना मुलीचा, कल्पिताचा, फोन आला. त्या बोलण्यात गुंतल्या. रस्त्याकडेला मासेमारीच्या जाळ्यांचा भलामोठा ढीग होता. शेठ सरळ त्यावर गेले. बंपर वाकला.

“ब्रेक लागला नाय,” शेठ म्हणाले.

माझ्यावर आळ! ब्रेकवर पाय पडलाच नव्हता, हे मला नाही तर कुणाला ठाऊक? दुसऱ्या दिवशी सदा मिस्त्री खाली शिरून बाहेर आला. “काकी, ब्रेक ठणठणीत हाय,” म्हणाला. कमळबाई नुसत्या माझ्या वाकलेल्या बंपरकडे बघत राहिल्या.

चार दिवसांनी दुपारी शेठ देवळात पत्ते कुटायला गेले आणि हितेश नावाचा एक तरुण आला. त्यानं मला चारी बाजूंनी पाहिलं, सीट पुढेमागे करून बघितली.

“शेठना माहीत आहे?” त्यानं विचारलं.

“नाय. आनि सांगू पन नको,” म्हणत कमळबाईंनी त्याच्या हातात चावी दिली.

झालं! मी ओळखलं, सौदा ठरला. त्या शेजारी बसल्या आणि हितेशनं मला थेट मिठागराच्या बांधावर नेलं. तिथं टेम्पो दिसेल म्हणून मी श्वास रोखला. टेम्पो नव्हता. हितेश उतरला आणि माझ्या चाकामागे कमळबाई बसल्या! क्लच असा सोडला, की मी तीन हिसके खाऊन बंद पडले. पोरगा अलिबागचा, मोटार शिकवणारा निघाला.

“या वयात कशाला, काकी?”

“डाक्तर बोलला, यांच्या डोल्यांची नस सुकली. आता बरी होयाची नाय. यांनी मना सांगलं पन नाय, दोन वर्सांमागं कागद उशीखाली घावला. गारी चालवू नका बोललू, त जेवनार नाय ते.”

माझी मलाच लाज वाटली. म्हस, गतिरोधक, डावं अंग! दोन वर्षं मला शेठ नव्हे, ही बाई चालवत होती. नुसत्या तोंडानं.

त्या दिवसापासून गुडघा दुखतोय सांगून त्यांनी रविवार टाळले. दोन महिने रोज दुपारी शेठ पत्त्यांना गेले, की आम्ही बांधावर. परवाना मिळाला त्या दिवशी आम्ही घरी परतलो, तर फाटकात शेठ उभे. माझा आवाज त्यांनी नाक्यावरूनच ओळखला असणार. दहा पावलांवर मी थांबले. ऊन लख्ख होतं.

“कोन हाय गारीत?” शेठ ओरडले.

कमळबाईंच्या हातात चाक घट्ट झालं. “मी हाय,” त्या हळूच म्हणाल्या.

शेठ बॉनेट चाचपत आले, वाकलेल्या बंपरवर हात ठेवला, आणि चाचपतच डावीकडचं दार उघडून आत बसले.

“गिअर करकरतो तुझा,” म्हणाले. “चल, काशीदला.”

तेव्हापासून रविवार पुन्हा आमचा. आम्ही आता चाळीसनंच जातो. रस्त्यात भेटलो तर हॉर्न मारू नका, शांतपणे पुढे जा. हितेश अजून अधूनमधून येतो, बॉनेटवर हात फिरवतो. त्याच्यावर माझी नजर आहेच.

वळण आलं, की शेठ डावीकडे बसल्या बसल्या पाय जोरात दाबतात. तिथं ब्रेक नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. कमळबाई खरा ब्रेक हलकेच दाबतात. मी थोडी हळू होते.