घागरभर ओल

मी एक जुना खड्डा आहे. हसू नका, मित्रांनो! आर्णीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, भिंतीशी मला खणलं, पोटात तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ भरलं. मला अर्थिंग म्हणतात. वाट चुकून यंत्राच्या लोखंडात उतरलेली वीज तारेवाटे माझ्याकडे यायची आणि मी ती मुकाट्याने जमिनीत जिरवायचो. त्यासाठी मला हवी फक्त ओल.

ती द्यायची जमनी. तिचा नवरा धरमसिंग तिथे वायरमन होता. उन्हाळाभर ती तांड्यावरून येऊन रोज घागरभर पाणी माझ्यात ओतायची.

"कायले पानी वाया घालून राह्यली वं?" कापूस निवडणाऱ्या बाया विचारायच्या.

"माह्या माणसाचा हात रोज मशीनले लागते."

बायांना वाटलं, हा कुणी देवच असावा. त्या मला हळदकुंकू वाहू लागल्या. मला मेल्याला कोण लाज वाटायची!

पुढे कापसाचे वाईट दिवस आले. गाड्या येईनाशा झाल्या, जिनिंग बंद पडलं. मालक श्रीकृष्णसाहेबांनी त्या इमारतीत कापडाचं दुकान काढायचं ठरवलं. नवं वायरिंग, एसी, काचेचं दार! धरमसिंगला देखभालीला ठेवलं. नव्या तारा मात्र जोडल्या माझ्याच जुन्या पत्र्याला, आणि माझ्यावर चकचकीत फरशी बसू लागली.

"साहेब, पानी टाकाले जागा ठेवा," धरमसिंग म्हणाला.

"अरे, सगळं नवं केलंय ना आता! गिऱ्हाइकांच्या पायात खड्डा कशाला?"

नोकरी टिकवायची होती. धरमसिंग पुन्हा तारा ओढायला लागला. जमनी दोनदा घागर घेऊन आली आणि तशीच परत गेली.

मे महिन्यात मी पार कोरडा पडलो. एक दिवस एसीच्या बाहेरच्या पेटीत वीज उतरली. ती माझ्याकडे आली, पण मला ती घेता आली नाही. धरमसिंगचा हात पेटीवर होता. तो जागच्या जागी गेला. मित्रांनो, मला फार वाईट वाटतं.

तेरवी झाल्यावर जमनी सब्बल घेऊन आली. साहेब दारात मान खाली घालून उभे राहिले. तिने फरशी फोडली आणि घागर माझ्यात रिकामी केली.

"आता कोनासाठी वं मावशी?" दुकानात कामाला असलेल्या उज्ज्वलाने रडत विचारलं.

"त्या पेटीले आता दुसरीचा माणूस हात लावते न," जमनी म्हणाली.

मित्रांनो, जुन्या इमारतीला नवं रूप जरूर द्या. पण फरशी बसवण्याआधी खाली कोण आहे, त्याला काय लागतं, एवढं विचारा. जमनी अजून रोज येते. तिचं पाणी मी घेतो, पण ते मला गोड लागत नाही.