डागी दाण्यांचा कूट

मंगलाबाईचा हात असा बसलेला, की सूप हललं की डागी दाणा आपसूक बोटांत यायचा. नांदगावच्या धनराजशेठच्या गोदामात बारा वर्षं ती शेंगदाणे निवडत होती. चांगले पोत्यात, बुरशी धरलेले, हिरवट पडलेले पाटीत. दर शनिवारी शेठ ती पाटी बायांना वाटून टाकायचा. "घ्या गं, पोराबाळांना होतील." देवमाणूस म्हणायच्या सगळ्या त्याला!

मंगलाबाई ते दाणे हळदीच्या पाण्यात धुवायची, वाळवायची, खरपूस भाजून कूट करायची. विस्तवातून निघालं की सगळं शुद्ध, ही तिची समजूत. सगळ्यात जास्त कूट कुणाला? तर आठ वर्षांच्या पल्लवीला. कारण लेक कायम आजारी. आज ताप, उद्या खोकला, साधं खरचटलं तरी महिनाभर चिघळायचं. पोरीच्या अंगी लागावं म्हणून आई भाकरीवर दोन चमचे जास्तच घालायची.

सरकारी दवाखान्यात नव्या आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही रोज खाते काय?" मंगलाबाईनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो, बुरशीचं विष असतं त्यात. भाजून जात नाही ते. लिव्हर बिघडवतं, रोगाशी लढायची ताकदही कमी करू शकतं. हिचं सगळं दुखणं त्यानंच, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण आजपासून एक दाणा द्यायचा नाही."

मंगलाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. आधी राग आला तो स्वतःचाच. ह्याच हातांनी वेचून वेचून वाईट ते काढलं आणि लेकीच्या ताटात वाढलं! पण शेठला हे ठाऊक होतं का? तेवढं तिला जाणून घ्यायचंच होतं.

शनिवारी वाटे करून झाले, बायांनी पदरात बांधले. मंगलाबाईनं घरून आणलेला डबा उघडला. "शेठ, तुमच्याच दाण्यांची चटणी हाय. खा की."

"ठेव तिकडं," शेठ म्हणाला.

त्याची नात निकिता गादीवर खेळत होती. मंगलाबाईनं डबा तिच्यापुढं नेला. पोरीला ती खाऊ देणार नव्हतीच, तिला शेठचं तोंड बघायचं होतं. निकितानं हात पुढं केला मात्र, शेठनं झडप घालून डबा उडवला.

"येडी का काय तू! लहान लेकरू आहे ते. मरेल ना!"

बाया वळून बघू लागल्या.

"म्हंजी म्हाईत होतं तुला," मंगलाबाई म्हणाली. बारा वर्षांत शेठशी ती पहिल्यांदाच अरेतुरेत बोलली. "मेल्या, माझी काय म्हातारी हाय का रे? माझी बी आठच वर्षांची हाय!"

"तुम्हा लोकांना पचतं," शेठ पुटपुटला.

मंगलाबाईनं आपला वाटा त्याच्या गादीवर फेकला. शेजारी बसणारी कुसाबाई उठली आणि पदराची गाठ सोडू लागली. घरी तिची तीन लेकरं होती, आणि गाठ काही केल्या सुटेना.