राखून ठेवलेलं अक्षर

मुलगी महिन्याची होऊन गेली तरी तिला नाव नव्हतं. मुलगा असता तर आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी ठेवावंच लागलं असतं. मुलीला तशी मुदत नसते. बापाने एखाद्या शनिवारी सिनेगॉगमध्ये तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथापुढे उभं राहायचं आणि नाव जाहीर करायचं. या शनिवारी जमलं नाही तर पुढच्या. मुलीची आई, लेनोर रोसेन, या सवलतीवर दिवस काढत होती.

क्लीव्हलंडच्या त्या घरात जेवणाचं टेबल गॅरेजमध्ये गेलं होतं. त्याच्या जागी भाड्याने आणलेला दवाखान्यातला पलंग होता आणि त्यावर लेनोरची आई, पर्ल, झोपून होती. पोटातला कॅन्सर यकृतात गेला होता. बाळाचं तोंड त्या बघतील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर सप्टेंबरमध्येच म्हणाले होते. लेनोरची नोकरी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतली. आईचे आकडे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण आईने बाळाचं तोंड बघितलं, थँक्सगिव्हिंगची टर्की आली तेव्हा दोन घास खाल्ले, आणि आता डिसेंबर लागला होता.

"अजून नाही ठरलं?" आई रोज सकाळी विचारायची.

"बघतोय गं आई."

"देशाचा अध्यक्ष निवडायलासुद्धा इतके दिवस लागत नाहीत."

खरं तर नाव कधीच ठरलं होतं. नव्या बाळाला घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव द्यायचं, ते जुनाट वाटलं तर निदान त्याचं पहिलं अक्षर तरी घ्यायचं, ही रीत. गेलेल्याच माणसाचं. जिवंत माणसाचं अक्षर घेणं म्हणजे त्याला उठून जा म्हणण्यासारखं. लेनोर आईबापांची एकुलती एक. तीन वेळा पोट राहून पडलं होतं, आणि बेचाळिसाव्या वर्षी ही मुलगी हाती लागली होती. यानंतर आणखी मूल होणार नव्हतं. पर्लचं अक्षर या मुलीकडे गेलं नाही तर ते कुणाकडेच जाणार नव्हतं.

पेनिना. शाळेत पोरं पेनी म्हणतील. लेनोरने हे नाव नवऱ्याला, मार्विनला, सांगितलं तेव्हा त्याने मान डोलावली. त्यासाठी थांबावं लागेल हे दोघांनाही समजलं होतं. कशासाठी, ते दोघांनीही उच्चारलं नव्हतं.

रविवारी मार्विनची आई टिली नूडल्सचा कुगल घेऊन आली आणि कोट काढायच्या आधीच सुरू झाली.

"मार्विनच्या बाबांना, माझ्या नेथनला, जाऊन दीड वर्ष झालं. त्याच्या अक्षराचं काय वाईट आहे? नोरा, नॅन्सी, नेसा. हवी तेवढी नावं आहेत."

"मा, हळू," मार्विन म्हणाला.

"हळूच बोलतेय. पोरीला काय 'ए, ए' म्हणून हाक मारायची? परवा बेकरीत झेल्डाने विचारलं, नातीचं नाव काय गं? मी म्हटलं, आमच्या सूनबाईंना सवड झाली की कळवते."

"ठरेल," लेनोर म्हणाली.

"कधी?" टिलीने जेवणाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच खरोखर आवाज खाली आणला. "अगं, मी काय दूधखुळी आहे? कळतं मला. तिच्याशी माझं कधी पटलं नसेल, पण असं टपून बसणं बरं नव्हे."

लेनोरने कुगल ओव्हनमध्ये सारला आणि बटण फिरवायला विसरली. टपून बसणं हा शब्द तिने स्वतःशीही वापरला नव्हता. ती औषधं वेळेवर देत होती, चादरी बदलत होती, आईला कूस बदलून देत होती. यातलं काहीच खोटं नव्हतं. आणि तरी दर गुरुवारी, नर्स नाडी बघून जायची तेव्हा, या शनिवारी की पुढच्या, हा विचार तिच्या मनात येऊन जायचा.

मंगळवारी दुपारी आई बऱ्यापैकी शुद्धीत होती. बाहेर सरोवरावरून आलेल्या वाऱ्याबरोबर बर्फ पडत होता. लेनोरने मुलीला पलंगावर आईच्या कुशीशी ठेवलं होतं आणि आईने तिचं पाऊल मुठीत धरलं होतं.

"दार लोटून घे," आई म्हणाली. "नाव ठरलंय ना? तिला आंघोळ घालताना तू काहीतरी म्हणत असतेस. आवाज येतो, शब्द कळत नाही."

लेनोरने मुलीचं दुपटं सारखं केलं.

"मी कुणाला सांगणार नाही. टिलीला तर नाहीच. मला एकदा तिला नावाने हाक मारायची आहे, बस. आयुष्यात कधी काही मागितलं नसेल मी तुझ्याकडे."

हे खरं होतं. लेनोरला वाटलं, का सांगू नये? आपलं अक्षर पुढे चाललंय हे कळलं तर तिला समाधानच वाटेल. दिवसभर पडून ती आणखी कसला विचार करत असणार? लेनोर वाकली आणि आईच्या कानाशी म्हणाली, "पेनिना."

आईचे डोळे मिटले होते ते उघडले.

"पेनिना म्हणजे मोती. म्हणजे पर्लच."

"हो आई. तुझंच."

आता ती हसेल, असं लेनोरला वाटलं. आईने मुलीकडे पाहिलं. मग मुठीतलं पाऊल सोडलं आणि हात पांघरुणाखाली घेतला. दुकानात किंमत कळल्यावर माणूस वस्तू परत ठेवतो तसा.

"मग मी अजून इथे काय करतेय?"

"आई, तसं नाही गं..."

"नाही, मी विचारतेय. इतके दिवस सगळे माझ्यापायी खोळंबलात आणि मला कुणी बोललंही नाही. मला वाटलं, तुम्हाला सुचत नाहीये. मी इथे पडल्या पडल्या तुमच्यासाठी नावं शोधत होते. माझ्या आत्याचं ड घेऊन डायना, मावशीचं र घेऊन रीना." ती थांबली, श्वास घेतला. "टिलीला म्हणावं, सुतकात खायला द्यायची अंडी उकडायला ठेव. उगाच कशाला उशीर."

"तुझी आठवण राहावी म्हणून, आई."

"आठवण," आई म्हणाली. "मी समोर आहे ना."

त्यानंतर तिने नाव विचारलं नाही. मुलीला जवळ आणलं की म्हणायची, तिकडेच असू दे, मला खोकला आहे. खोकला नव्हता. सकाळी लेनोर पडदे सरकवायला आली की पलंगावरून आवाज यायचा, "आज पण आहे गं मी." त्यात टोमणा असता तर लेनोरला भांडता आलं असतं. आई ते खरोखर संकोचून म्हणायची, पाहुणा मुक्काम लांबला की म्हणतो तसं.

शुक्रवारी लेनोर मार्विनला म्हणाली, "उद्याच ठेवू या. नेसा."

"नक्की? एकदा जाहीर झालं की बदलायचं नाही."

"नक्की."

"आणि तुझ्या आईचं?"

"आई आहे अजून," लेनोर म्हणाली.

शनिवारी टिली पहिल्या रांगेत बसून रडली. रब्बाईंनी आशीर्वाद म्हटला, लोकांनी अभिनंदन केलं, आणि लेनोर कुणाच्या केकला न थांबता घरी आली. बर्फाने भिजलेले बूटसुद्धा न काढता ती मुलीला घेऊन आईपाशी गेली.

"आई, नाव ठेवलं. नेसा. मार्विनच्या बाबांचं अक्षर."

"नेसा." आईने ते नीट उच्चारून पाहिलं. "छान आहे. सुटसुटीत."

"सगळ्यांसमोर ठेवलं, आई. आता हेच."

"चांगलं केलंस. माझ्या मनाला लागलं म्हणून केलंस, कळतं मला." तिने लेनोरच्या ओल्या बाहीवर हात ठेवला. "मी गेल्यावर तुम्हाला हवं ते म्हणा. मला राग नाही."

"गेल्यावर काही बदलायचं नाहीये. हेच नाव आहे तिचं. मार्विनला विचार. टिलीला विचार!"

"बरं," आई म्हणाली.

ते 'बरं' लेनोरच्या ओळखीचं होतं. वसंतात मी आपली आपण जिना चढेन, असं आई म्हणाली होती तेव्हा लेनोरने तिला असंच 'बरं' म्हटलं होतं. तिने मुलीला आईच्या अगदी तोंडाशी धरलं. मुलीने जांभई दिली. आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, पण हाक मारली नाही.

बुधवारी दुपारी पर्ल गेली. सुतकाच्या आठवड्यात रीतीप्रमाणे आरसे झाकलेले होते आणि लेनोर बुटक्या स्टुलावर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. पर्लबरोबर पत्ते खेळणाऱ्या मिसेस अॅडलर काठी टेकत आल्या, शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"हिचं नाव काय ठेवलंत?"

"नेसा."

"कुणाचं अक्षर?"

"सासऱ्यांचं. गेल्या शनिवारी ठेवलं."

मिसेस अॅडलर क्षणभर हिशेब करत राहिल्या. मग त्यांनी लेनोरचा हात हातात घेतला.

"अगं बाई. थोडं थांबायचं होतंस."

"हो," लेनोर म्हणाली.

मिसेस अॅडलर वाकल्या आणि मुलीच्या गालाला बोट लावत म्हणाल्या, "नेसा. ए नेसा. बघ तरी माझ्याकडे."