पडद्याखालचे पाय

"श्वास सोडा आता," डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठे शिंप्याच्या लक्षात आलं, की आपण तो धरून ठेवलाय. खोलीत अंधार होता. जांघेत चोपडलेला लेप बर्फासारखा गार होता आणि सोनोग्राफीच्या यंत्रावर काहीतरी करडं हलत होतं.

"पाणी साचलंय नुसतं. गाठ नाही. अंडकोष ठणठणीत आहे."

"नक्की?"

"नक्की. आधीच आला असतात, तर एवढी झोप उडाली नसती."

शिंप्याच्या जिवात जीव आला. पट्टा आवळत तो बाहेर आला.

दवाखाना फक्त पुरुषांच्या या दुखण्यांचा. लाजऱ्यांची सोय म्हणून प्रत्येक खुर्चीभोवती पडदा होता आणि नावाऐवजी नंबर पुकारत. पडद्यांखाली ओळीने नुसते पाय दिसत. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. आत माणसं नाहीतच, असं येताना त्याला वाटून गेलं होतं.

"सात नंबर!" नर्सने हाक मारली.

सात नंबरच्या पडद्याखालचे पाय हलले नाहीत.

"मागच्या खेपेलाही असंच," ती पुटपुटली. "बोलावलं की गप्प. मग नजर चुकवून पसार."

शिंप्याची नजर सवयीने त्या पायांवरच्या विजारीच्या काठावर गेली. टाके त्याच्याच हातचे होते. गेल्या महिन्यातच त्याने ही विजार थोरल्या भावाला सैल करून दिली होती आणि वर 'दादा, जेवण आवर' अशी थट्टाही केली होती. आज सकाळी दादाच म्हणाला होता, "तू जा बटणं आणायला, दुकान मी बघतो."

तो पडद्याशी जमिनीवरच बसला.

"दादा, दुकान कोण बघतंय?"

चपलेतली बोटं आखडली.

"मी बटणांना गेलोच नव्हतो. मलाही वाटलेलं, संपलं सगळं. निघालं काय, तर पाणी! तुझंही तसंच असणार."

पंखा बंद होता, तरी पडदा थरथरत होता.

"माझं पाणी नाही रे," आतून आवाज आला. "दगडासारखं लागतं."

पडद्याखालून हात घालून शिंप्याने दादाचा घोटा धरला. घोटा गारठला होता.

"सात नंबर!" नर्स पुन्हा ओरडली.

या वेळी शिंप्यानेच ओ दिली.