सहा बादल्यांची बाग

थोरलीला दमायलासुद्धा वेळ नव्हता, ही तिची खरी अडचण होती. सकाळी सहाला ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात हजर व्हायची. तिथं वाफेत उभी राहून दुपारी चारपर्यंत इस्त्रीच्या रुळातून चादरी काढायची आणि घरी आली की दुसरी पाळी सुरू. लग्न 'राहून गेलं' असं ती सांगायची, जसं कुणी दूध आणायचं राहून गेलं म्हणावं. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आता ती आणि वडील, दोघंच.

वडिलांना सगळी वस्ती मिस्त्री म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे नळ, टाक्या आणि मोऱ्या सांभाळल्या. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात मात्र लुळाच राहिला. तेव्हापासून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि समोरच्या इमारतीचे पाइप बघून नाक मुरडत. "कुणी बसवलेत कोण जाणे. वाकडं ते वाकडंच."

प्रश्न एवढाच होता, की थोरली कामावर असताना त्यांना दहा तास घरात एकटं ठेवायचं की नाही. धाकट्या भावाचं मत ठरलेलं होतं. तो परगावी राहायचा आणि दर रविवारी फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा. मागच्या खेपेला येऊन त्यानं वृद्धाश्रमाचा अर्जही आणून ठेवला होता. रकाने सगळे भरलेले, फक्त वडिलांची सही बाकी.

"हात कसा आहे?" तो विचारायचा.

"सुधारतोय."

"आणि डोकं?"

"डोकं शाबूत आहे रे. तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त."

हे ती बिनदिक्कत सांगायची. एकदा जेवून उठल्यावर मिस्त्रींनी पुन्हा ताट मागितलं, तेव्हा तिनं भूक वाढली म्हणून आनंद मानला. एकदा ते तिला आईच्या नावानं हाक मारून बसले, तर म्हणाली, चेहरा आहेच माझा आईसारखा. माणसाला ऐकायचं नसलं की कान आपोआप शहाणे होतात.

बादल्यांची कल्पना समोरच्या शिक्षिकाबाईंची. त्यांच्या गॅलरीत टोमॅटो लगडले होते आणि बाई तर आठवडाभर बाहेरगावी होत्या. त्या परतल्यावर थोरलीनं विचारलं, तेव्हा बाईंनी सगळं नीट दाखवलं. एकात एक बसवलेल्या दोन बादल्या, वरचीत माती, खालचीत पाणी. वरच्या बादलीच्या बुडाला भोक पाडून त्यातून मातीनं भरलेला जाळीचा पेला खालच्या पाण्यात सोडायचा. माती दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढते. पाणी ओतायला कडेनं पाइपचा तुकडा. आणि खालच्या बादलीच्या कडेला बोटभर भोक, जास्तीचं पाणी निघून जायला, नाहीतर मुळं कुजतात.

थोरलीनं यातलं एकच मनावर घेतलं, की ही झाडं आपलं पाणी आपण पितात. घरात असा एक तरी जीव असावा, ज्याला सगळं हातात द्यावं लागत नाही, असं तिला फार दिवसांपासून वाटत होतं.

रंगाऱ्याकडून रंगाच्या रिकाम्या बादल्या आणल्या. सहा जोड्या झाल्या. ती भोकं पाडत होती आणि मिस्त्री खुर्चीतून हुकूम सोडत होते. "ड्रिल सरळ धर. ओव्हरफ्लोचं भोक इतकं वर नको, पाणी मातीला लागेल. अजून दोन बोटं खाली. हां, तिथं." कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजाला धार आली होती. थोरलीनं ती ऐकली आणि तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की बागेचं काम बाबांचं. दर चौथ्या दिवशी पाइपातून पाणी ओतायचं, कडेच्या भोकातून थेंब पडायला लागले की थांबायचं. बस.

टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं लावून झाली आणि त्या रविवारी तिनं भावाला ऐकवलं, "बाबा बाग करतात आता. एकट्यानं. सहा बादल्या." भाऊ म्हणाला, "बरं, बघू महिनाभर." तेव्हापासून त्या टोमॅटो-मिरच्या-वांग्यांवर तिचा सगळा भार होता. झाडं जगली तर बाबा घरात राहतील, असा तिनं मनाशी सौदाच करून टाकला.

तीन आठवडे झाडांनी तो पाळला. वांग्याला फूलही आलं. मग पानं पिवळी पडायला लागली, मिरचीनं मान टाकली. दुपारी घरी आल्यावर ती चपला काढता काढता दारातूनच बघायची. जवळ जाऊन वाकायचं त्राण कुणाला होतं?

"बाबा, सुकतायत हो झाडं. पाणी घातलंत का?"

"घातलं की."

"अजून घाला थोडं."

मिस्त्री उठून पाणी घालायचे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन गॅलरीत गेली आणि वांग्याच्या मातीत बोट घातलं. बोट चिखलात रुतलं. कुजका वास आला. तिनं बादली ओढून कडेचं भोक बघितलं आणि बघतच राहिली. भोकात सुतळी ठासून भरली होती, वरून सफेद्याचा पांढरा लेप लावून बोटानं गुळगुळीत केला होता. गळक्या जोडाला मिस्त्री आयुष्यभर हेच लावत आले होते. तिनं दुसरी बादली फिरवली, तिसरी फिरवली. सहाच्या सहा बंद.

"बाबा, हे काय केलंत?"

"गळत होतं," मिस्त्री म्हणाले. काम झाल्याचं समाधान होतं आवाजात. "तू दमून येणार आणि वर फरशी पुसत बसणार. म्हटलं, आपल्याच घरात गळती, शोभत नाही."

"अहो, गळायलाच हवं होतं ते! मेली सगळी झाडं. एक गोष्ट सोपवली होती तुमच्यावर, एकच! तेवढीसुद्धा..." पुढचं तिनं गिळलं, पण जायचं ते गेलंच होतं. मिस्त्री खाली बघू लागले.

ती स्क्रूड्रायव्हरनं सुतळी उकरायला लागली. निघेना. एका डाव्या हातानं केलेलं काम आणि इतकं पक्कं! क्षणभर तिला आनंदच झाला, डाव्या हातावर तर काम बसलं, भावाला सांगायला हवं. आणि मग ती होती तिथंच फरशीवर बसली. चाळीस वर्षं टाक्या बसवणाऱ्या माणसाला हे भोक कशाचं, ते कळलं नव्हतं. भोक कुठं पाडायचं, ते त्यांनीच सांगितलं होतं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "टाकीला एक पाइप असतो ना, जास्तीचं पाणी जायला. त्याला काय म्हणतात हो?"

पोरकट प्रश्न विचारल्यासारखं मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. बोलायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. ते बादलीकडे बघत राहिले, मग वाकून त्या सफेद्यावरून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ओव्हरफ्लो," ते म्हणाले. "हा ओव्हरफ्लो आहे."

"हो."

"मी बुजवला?"

थोरलीनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"सगळे?"

"डावा हात मात्र चांगला चालायला लागलाय तुमचा," ती म्हणाली.

"हाताचं सोड गं." ते पुन्हा खुर्चीत बसले. "एका गिऱ्हाइकानं असाच ओव्हरफ्लो बुजवला होता. छत भिजलं त्याचं. मी त्याला चार माणसांत म्हटलं होतं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग ते म्हणाले, "परवा गॅस चालू राहिला होता. दुपारभर. तुला सांगितलं नाही मी."

थोरलीनं वळून स्वयंपाकघराकडे बघितलं.

"धाकट्यानं ठेवलेला कागद आण."

"आज नको हो, बाबा. सुट्टी आहे माझी. उद्या बघू."

"उद्या मी भांडेन तुझ्याशी. म्हणेन, मला काही झालेलं नाही. आणि तुला ते खरं वाटेल, कारण तुला तेच हवंय." त्यांनी डावा हात पुढे केला. "आत्ता कळतंय मला, पोरी. कळतंय तोवर सही घे."

ती आत गेली. तिला रडू आलं होतं, आणि त्या रडण्यात कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं, त्यानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाटात अर्ज वरच होता, पेनही शेजारीच होतं. तरी ती खण उघडून उभी राहिली, काही शोधत असल्यासारखी.

"सापडलं का?" बाहेरून हाक आली. "लवकर ये गं."