माझ्या पोटाखालचा सांधा

मित्रांनो, घटकाभर अशी कल्पना करा की तुमची पाठ लोखंडाची आहे. बोटभर जाड, दाराएवढी लांबरुंद. तिच्यावर दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी तापवतो, ठोकतो, जोडतो. तुम्ही ओरडायचे नाही, आणि हलायचे तर मुळीच नाही. जमले? मग माझे बोलणे तुम्हाला समजेल. मी एक जुना वेल्डिंगचा टेबल आहे.

दोन भावांच्या लहानशा वर्कशॉपमध्ये मी उभा आहे. मी येण्यापूर्वी दोघे जमिनीवर उकिडवे बसून काम करत. धाकटा म्हणाला, "दादा, गुडघे गेले. तयार टेबल आणू या की."

"दुसऱ्याने केलेल्या टेबलावर मी काम करू? लोक हसतील मला," थोरले म्हणाले. तेच माझे मालक.

जुन्या लोखंडाच्या बाजारात त्यांनी सरळ नळी घेऊन एकेक प्लेट तपासली. नळी प्लेटीवर आडवी ठेवायची आणि वाकून तिच्याखालून उजेड दिसतो का ते पाहायचे. दोन प्लेटी त्यांनी नाकारल्या. तिसऱ्या प्लेटीवर नळीखाली उजेडाचा धागासुद्धा दिसला नाही. ती प्लेट म्हणजे मी. त्या दिवशी मी खरोखर सपाट होतो. आयुष्यातला तेवढाच दिवस म्हणा ना.

आता नीट ऐका. लोखंड तापले की फुगते, निवले की आखडते. म्हणून प्लेटीला पाय आणि चौकट जोडताना थोडेसे जोडायचे, निवू द्यायचे, मग समोरच्या बाजूला थोडेसे. दोन दिवस लागतात. मालकांना हे माहीत नव्हते असे नाही. ते इतरांना हेच शिकवत. पण त्यांचा सांधा होता फार देखणा. एकदा हात चालू लागला की त्यांना थांबवेना. त्यांनी मला पालथे घातले आणि एका दुपारीच चारही बाजूंनी सलग सांधा मारला. मासळीच्या खवल्यांसारखा, एकसारखा.

"दादा, हे कोणाला दिसणारही नाही. टेबलाच्या पोटाखाली कोण बघतंय?"

"मी बघतोय ना!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उभे केले, धाकटा बाहेर गेल्यावर नळी ठेवली आणि ते वाकले. नळीखाली उजेड होता. निवताना सांध्याने मला ओढले होते आणि माझा एक कोपरा उचलला गेला होता. उपाय मालकांना ठाऊक होता: सांधा कापायचा, मला मोकळे करायचे आणि बोल्टांवर सरळ बसवायचे. कापायचे मशीन त्यांनी दोनदा हातात घेतले, दोनदा खाली ठेवले. तो देखणा सांधा कापायला हात धजला नाही.

त्यानंतर माझ्यावर लोखंडी दार जोडताना ते दाराखाली ठरावीक जागी पत्र्याचा तुकडा सरकवत आणि काम सरळ उतरवत. जोडकाम ते एकटेच करत, धाकटा लोखंड कापून देई; त्यामुळे हे कोणाला कळले नाही आणि त्यांनीही कोणाला सांगितले नाही. अकरा वर्षे लोकांनी त्यांची दारे वाखाणली. त्यांची लेक ठिणगी माझ्याखाली बसून अभ्यास करी आणि कंटाळली की सांध्याचे खवले बोटाने मोजी. वडील हाक मारत, "ए ठिणगे, बाहेर ये! तुझी आई मला फाडून खाईल, तोंड बघ कसं केलंयस!"

मग मालकांना खोकला जडला. आधी ते उभ्याने काम करीत, मग स्टुलावर बसून, मग काम न करता नुसतेच बसून राहात. एका हिवाळ्यात ते गेले.

धाकटे भाऊ, म्हणजे ठिणगीचे काका, एकटे माझ्यावर काम करू लागले. महिनाभरात गवंडी हातगाडीवर दार घेऊन परत आला. "वरून लावलं की खालून उघडतं. दार दिलंत की झोपाळा?" काकांनी मान खाली घातली. मग दुसरे दार परत आले, तिसरेही. आपलाच हात बसत नाही असे त्यांना वाटले. माझ्यावर उडून थिजलेल्या ठिणग्यांचे खडे खरवडायचे राहू लागले. माझ्यावर गंज चढला, चहाचे पेले पडून राहिले.

शेवटी एके दिवशी त्यांनी माझ्या कोपऱ्या-कोपऱ्यांतून दोन दोऱ्या तिरप्या ताणल्या. मी सपाट असतो तर दोऱ्या मध्यभागी एकमेकींना टेकल्या असत्या. त्यांच्यामधून काकांचे बोट आरपार गेले. तेवढ्यात ठिणगी शाळेतून आली.

"काका, बाबांचा टेबल वाकडा असूच शकत नाही. दोरीच वाकडी असेल."

"ताणलेली दोरी वाकडी राहत नाही, बाळा." काका माझ्याखाली शिरले आणि सांध्यावरून हात फिरवून बाहेर आले. "हा एका दमात मारलाय. हा कापला तर टेबल सरळ होईल. नाहीतर हा भंगारात देऊन दुसरा आणावा लागेल. वाकड्या टेबलावर वर्कशॉप चालायचं नाही."

"कापू नका! त्यांची दारं सगळी लोकांच्या घरी गेली. आपल्याकडे एवढंच आहे."

ती रडत राहिली. मग तिने विचारले, "बाबांना माहीत होतं?"

"असणार. त्याचं एकही दार कधी परत आलं नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"एवढी देखणी चूक कोण सांगणार, ठिणगे?" काका खाली बसले. "तू नको म्हणालीस तर मी याला हात लावणार नाही. जाऊ दे भंगारात, सांध्यासकट. तू सांगशील तसं."

मित्रांनो, आमची निगा राखा. आम्हाला पुसा, खरवडा, तेलाचा हात फिरवा. पण एवढ्यावर थांबू नका. आमचे कुठे दुखते ते तुमच्या माणसांना सांगून ठेवा. माझ्या मालकांनी ते एक वाक्य आपल्या भावाला सांगितले असते, तर काका इतके दिवस स्वतःला दोष देत बसले नसते, आणि दहा वर्षांच्या मुलीला 'कापू की भंगारात देऊ' असा प्रश्न कोणी विचारला नसता.

ठिणगीने दप्तर खाली ठेवले, काकांच्या खिशातला खडू काढून घेतला आणि माझ्या पोटाखाली शिरून, जिथून कापायला सुरुवात करायची, तिथे सांध्यावर एक पांढरी रेघ ओढली.